आखूड होणारा घेवडा

"बाई, सात नंबर कमी झालाय."

"गैरहजर आहे म्हण. कमी काय?"

"मुलगा नाही, बाई. घेवडा. गेल्या सोमवारी चौदा सेंटीमीटर होता, आज अकरा," मॉनिटर म्हणाली.

विज्ञानाच्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जायला एरवीही फार वेळ लागत नसे, पण आज कारण होतं. गेल्या वर्षी त्यांच्या वर्गातली झाडं झाडून सगळी मेली होती. यंदा नोंदी धड नसतील तर बागेचा उपक्रम आणि ही उन्हाची मोठी खोली, दोन्ही चित्रकलेच्या सरांकडे जाणार, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. आणि त्या नोंदी तपासायला दुपारी साहेब यायचे होते.

"झाड कधी आखूड होतं का गं? आण ती पट्टी!" बाईंनी स्वतः मोजलं. अकराच. शेजारचे आठ नि नऊ नंबरही घटलेले.

बाई तडक चित्रकलेच्या वर्गात. "सर, खोली हवी तर तोंडानं मागा! माझी रोपं कसली कापता?"

"मी?" सरांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "अहो, मला स्वतःची नखं धड कापता येत नाहीत!"

बाई तणतणत परत आल्या. पाहतात तर एकूण एक शेंडा शाबूत. त्यामुळे त्या आणखीच भडकून घेवड्यावरच ओरडल्या. तेवढ्यात शिपाईमामा आले. एका हातात झारी, दुसऱ्या हातात मातीचं घमेलं.

"हे काय, मामा?"

"माती. रोज मूठ मूठ घालतो. तुम्हीच ओरडलात ना, कुंड्या अर्ध्या रिकाम्या दिसतात, साहेबांसमोर शोभा होईल म्हणून?"

म्हणजे घेवडा वाढतच होता. माती त्याच्याहून जोरात वाढत होती.

"काढा! आत्ताच्या आत्ता काढा ती माती!"

चाळीस मुलांनी पट्ट्यांनी, चमच्यांनी, हातांनी माती उकरली. वर्गभर चिखल झाला आणि आधार गेलेले घेवडे एकजात आडवे झाले. आडव्या झाडाची उंची कशी धरायची, यावर वाद चालू असतानाच साहेब दारात. मागे मुख्याध्यापक. त्यांच्या मागे, डोळ्यांनीच खिडक्या मोजत, चित्रकलेचे सर.

साहेबांनी नोंदवही उघडली. बराच वेळ वाचत राहिले आणि एकदम हसू लागले.

"बाई, बारा शाळा बघितल्या. सगळीकडे झाड दर आठवड्याला बरोब्बर दोन सेंटीमीटर वाढतं, सुट्टीतसुद्धा! खरी वही ही एकच. हिच्या प्रती सगळ्या शाळांना पाठवतो. उपक्रम तुमच्याकडेच राहू दे."

बाईंचा जीव भांड्यात पडला. वही हातात घेऊन त्यांनी कौतुकानं शेऱ्याचा रकाना पाहिला. मॉनिटरचं वळणदार अक्षर होतं:

'पहिला आठवडा: बाई आम्हाला ओरडल्या. वाढ तीन. दुसरा आठवडा: बाई रजेवर. वाढ सहा. आज: बाई सरांना, मामांना आणि घेवड्याला ओरडल्या. वाढ उणे तीन.'

बाई लालबुंद झाल्या. गर्रकन वळून त्यांनी तोंड उघडलं. मॉनिटरनं शांतपणे पेनाचं टोपण काढलं.

"अक्षर... अक्षर छान आहे हं तुझं," दात आवळून बाई म्हणाल्या.

मॉनिटरनं तेही लिहून घेतलं.