मजीदचाचांची टराम लातूरला अडते

मजीदचाचांकडे गेलात आणि बोलता बोलता ते अचानक अंगणात पालथे पडले, तर कृपा करून डॉक्टरला फोन करू नका. त्यांची टराम शेवटच्या थांब्यावर पोचलेली असते आणि त्यांना बाकांच्या पाठी उलटवायच्या असतात.

टराम म्हणजे आपली ट्राम. चाचांच्या अंगणात फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत रूळ टाकलेले आहेत आणि त्यांवरून हातभर लांबीची पत्र्याची ट्राम चालते. खरी ट्राम म्हणे टोकाला पोचली की वळत नाही, आली तशीच उलटी निघते. मग उतारूंना पुढे तोंड करून बसता यावं म्हणून बाकांच्या पाठी इकडच्या तिकडे कराव्या लागतात. चाचा भुवया कोरायच्या चिमट्यानं बोटाएवढी एकेक पाठ उलटवतात. तोवर तुमच्या चहावर साय धरते.

"चाचा, आत कुणी बसलेलंच नाही!" मी एकदा न राहवून म्हणालो.

"आज न्हाई. उद्या बसलं तर? उलट्या तोंडानं बसलं की मळमळतं मानसाला."

मी बदली होऊन लातूरहून नांदेडला आलो तेव्हापासून आमच्या भिंतीला त्यांची भिंत आहे. पहिल्या दिवशी मी माझं नाव, आडनाव, हुद्दा, सगळं सांगितलं. त्यातलं त्यांनी फक्त गाव ठेवून घेतलं. मी झालो 'लातूरवाले', आणि बायको झाली 'लातूरवाल्या भाभी'. बिचारी परभणीची आहे.

चाचांनी जन्मभर पत्र्याच्या पेट्या केल्या. या भागातल्या कितीतरी नवऱ्या त्यांची गुलाबाच्या चित्राची पेटी घेऊन सासरी गेल्या. मग धंदा बसला. "लोक चाकवाल्या बॅगा घ्यायला लागले," चाचा सांगतात, "म्हनून म्या बी पेटीला चाकं लावली. जरा लांबली, तिची टराम झाली!"

"पण तुम्ही खरी ट्राम पाहिली कुठं?"

"क्यालेंडरवर. दुकानात लई वर्सं टांगून होतं. साल संपलं, पर म्या काय काढलं न्हाई."

तेवढ्या एका चित्रावर हा सगळा संसार उभा आहे. तयार भाग आणायचा नाही, हा त्यांचा बाणा. पत्रा तेलाच्या डब्यांचा. मोटार एका भंगारातल्या जीपच्या वायपरची. टपावरून तारेला टेकणारा दांडा छत्रीच्या काडीचा. खिडक्यांच्या काचा म्हणजे आहेरातल्या शर्टांच्या खोक्यांवरचं प्लॅस्टिक. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात चाचांनी जेवणाची चौकशी केली नाही. खोकी किती आली ते विचारलं.

थांबेही ऐका, फक्त नकाशातला क्रम विसरा. फाटकाशी नांदेड. नळाजवळ कंधार, तिथे विटांच्या तुकड्यांचा किल्ला. पुढे धर्माबाद, म्हणून मिरचीची चार रोपं. धुण्याच्या दगडाशी निलंगा. आणि शेवटच्या वळणावर, कढीपत्त्याच्या झाडाखाली, लातूर. उन्हाळ्यात त्या झाडाला चाचा ट्रामला टाकी जोडून पाणी पाठवतात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "लातूरला पानी रुळावरूनच जातं मियाँ." दुष्काळात आमच्या लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं होतं, त्याचा हा टोमणा.

दुपारी ओसरीवर बसून ती ट्राम बघत राहिलं की अंगावर एक गुंगी चढते. पैंजणातल्या घुंगराची तिची घंटी किणकिणते, मिरचीच्या सावल्या टपावरून सरकत जातात, आणि डोळे मिटता मिटता वाटायला लागतं की गोदावरीच्या काठाकाठानं खरीच ट्राम चाललीय. कंडक्टर पेंगतोय. कुणाच्या मांडीवर मेथीच्या जुड्या आहेत. किल्ल्याच्या बुरुजावरून ऊन हळूहळू उतरतंय आणि कुणालाच कुठं वेळेवर पोचायचं नाही. एकदा मी तशा गुंगीत हात पुढे करून तिकीट मागितलं.

"बसा, बसा," चाचांचा आवाज आला. "लातूर यायला लई वेळ हाय."

दोन वर्षं चाचा एक मोठी ट्राम करत होते. आठ चाकांची, हिरवी आणि साईच्या रंगाची, जुन्या ट्रामच्या दुप्पट लांब, कडेनं पेटीवर काढायचे तसेच गुलाब. "ही शेवटची," ते म्हणायचे. "हात कापून राहिला आता. रेघ सरळ येत न्हाई."

ती पहिल्यांदा चालली तेव्हा सगळी गल्ली जमली होती. चाचा नवी टोपी घालून आले होते. ट्राम निघाली. कंधारला थांबली, टाळ्या. धर्माबाद, निलंगा, पुन्हा टाळ्या. लातूरच्या वळणावर शिरली आणि खर्रर्र!

लांब गाडी वळणावर वाकत नाही. तिचं पोट आतल्या बाजूला येतं. ते पोट कढीपत्त्याच्या बुंध्यावर घासून अडलं होतं. चाचांनी ट्राम मोजली होती, रूळ मोजले होते. झाडही मोजलं होतं, पण दोन वर्षांपूर्वी. मधल्या काळात झाड आपलं गुपचूप जाड होत होतं.

रूळ सरकवावेत तर एका अंगाला हौद, दुसऱ्या अंगाला भिंत. म्हणजे एक तर झाड जाणार, नाही तर ट्राम.

"त्यात काय विचार करायचा?" समोरचे वकीलसाहेब म्हणाले. "टाका तोडून. कढीपत्ता भाजीवाला फुकट देतो!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी तर सगळ्यांत जोरात डोलली. चाचा बुंध्यावरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "बघू."

रविवारी सकाळी मी शेजारधर्म म्हणून करवत घेऊन गेलो. एरवी त्या वेळी मी एक तर अंथरुणात नाही तर ऑफिसच्या घाईत असतो. बघतो तर चाचा मांडीवर नवी ट्राम आडवी घेऊन बसलेले, आणि हातात पत्र्याची कात्री. ट्रामच्या बरोबर मधून, गुलाबांतून, ते तिला कापत होते.

"चाचा! दोन वर्षं घातलीत तुम्ही! झाड कापायचं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं," चाचा म्हणाले. "बीचमधलं काढतो. दोन्ही तुकडे जोडले की आखूड व्हईल. ग्वाड न्हाई दिसनार. पर जाईल."

तेवढ्यात फाटक वाजलं. "चाचा, चार पानं घेते हो!" वकीलसाहेबांच्या सूनबाई. चाचांनी विचारलं, "आज वरण का कढी?" ती गेली, तर एक आजी आल्या. मग कुणाची तरी नणंद. गल्लीतल्या अर्ध्या फोडण्यांची सुरुवात या अंगणात होते, हे मला त्या दिवशी कळलं. करवत मी पाठीमागे लपवली.

"भाजीवाला फुकट देतो, हे ठाऊक हाय मला," चाचा कात्रीकडे बघत म्हणाले. "पर लातूरवाले, सकाळी सकाळी टराम मागायला कोन येतं?"

पुन्हा फाटक वाजलं. कोपऱ्यावरची सुनंदा आली. तिचा नवरा पुण्याला कामाला गेला होता आणि धाकटीला रात्रभर ताप होता. झाडाजवळ उभी राहून ती ते सगळं सांगत राहिली. चार पानं तोडायला तिला बराच वेळ लागला. तेवढा वेळ चाचांनी कात्री चालवली नाही. पत्रा कापताना फार आवाज होतो. तिचं बोलणं ऐकू आलं नसतं.