सिपोराबाईंचा उजवा हात

सिपोराबाई नवगावकर थोरल्या मुलाबरोबर इस्राएलला कायमच्या राहायला गेल्या, तेव्हा आपला उजवा हात त्यांनी अलिबागला धाकट्या सुनेकडे ठेवला.

त्यात वावगं काही नव्हतं. नव्याच्या सणाचा, म्हणजे यहुदी नववर्षाचा, गव्हाच्या चिकाचा हलवा अलिबागच्या इस्राएल आळीत त्यांच्यासारखा कुणालाच जमत नव्हता, आणि सून शोषन्ना त्या बाबतीत अगदीच कच्ची. "तिकडे माझं डाव्याने भागेल," त्या म्हणाल्या. "पण वर्षाच्या पहिल्या दिवशी आळीचं तोंड गोड कोण करणार?" तिकडच्या कचेरीतल्या माणसाने उजव्या हाताची चौकशी केली, तेव्हा त्यांनी तो अलिबागला असल्याचं सांगितलं. त्याने 'मागाहून येणार' अशी नोंद करून शिक्का मारला.

हात स्वयंपाकघरातल्या फडताळात मलमलच्या फडक्यावर राहायचा. एरवी तांदूळ निवडायचा, मासळीचे खवले काढायचा. सण आला की शोषन्ना गहू भिजत घालायची, वाटायची, पिळून चीक काढायची. एवढं तिला येत होतं. त्यात नारळाचं दूध आणि साखर पडली, पातेलं चुलीवर चढलं, की पुढचं काम हाताचं. दुपारपासून तो उलथनं धरायचा आणि हलवा कडा सोडेपर्यंत थांबायचा नाही. शोषन्ना तोवर बाहेरच्या खोलीत बसून रेडिओ ऐकायची.

पहिल्याच वर्षी शेजारच्या एस्तेरमावशी ताट परत द्यायला आल्या. "शोषन्ना, जिंकलंस गो! थेट सासूवर गेलीस."

हा हलवा सासूनेच केलाय, असं शोषन्नाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मावशींनी गालाला हात लावला, आणि सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या वर्षी सांगायचं, तर पहिल्या वर्षी का नाही सांगितलंस, हेही सांगावं लागलं असतं. मग ते राहूनच गेलं. कौतुक झालं की तिचे कान तापत. कुणी घरात आलं की ती फडताळाचं दार लोटून घेई. आतून हात एकदोनदा टकटक करायचा आणि समजूतदारपणे गप्प व्हायचा. नवरा पिन्हास या भानगडीत पडत नसे. तो बर्फाच्या कारखान्यात कामाला होता आणि घरातही थंडच असे.

एके वर्षी सणाच्या तोंडावर आळीचे मुकादम हनोखभाऊ वाकरूळकर घरी आले. मुंबई-ठाण्याच्या आपल्या मुलींना सणाचे पदार्थ येत नाहीत, पुढे सगळं बुडेल, तेव्हा सिनेगॉगच्या अंगणात शोषन्नाबाईंनी सर्वांसमक्ष हलवा करून दाखवावा, असं समितीने ठरवलं होतं. नंतर शाल घालून सत्कार. शोषन्नाने फडताळाचं दार लोटून घेतलं. ती म्हणाली, "बरं."

त्याच आठवड्यात सिपोराबाई न कळवता आल्या. थोरल्या नातवाचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना हात हवा होता. फडताळ उघडून त्यांनी हाताची नखं पाहिली, बोटं चेपली. "बरा ठेवलास हो. उद्याच नेईन म्हणते."

"आई, कार्यक्रम होईपर्यंत राहू दे," शोषन्ना म्हणाली. कसला कार्यक्रम, कुणाच्या नावाचा, हे तिने सांगितलं नाही. सिपोराबाईंनी विचारलंही नाही. आपल्या हाताचा हलवा आळीला हवा आहे, एवढंच त्यांना समजलं आणि त्या खूश झाल्या.

कार्यक्रमाला अंगण भरलं. शोषन्नाने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, आपला उजवा हात आत पोटाशी दाबून धरला आणि सासूचा हात पदराच्या काठातून बाहेर काढला. तो काळासावळा होता, म्हातारा होता, पण उलथनं असं फिरवत होता की मुली माना पुढे काढून पाहत राहिल्या. "हात बघा बाईंचा!" हनोखभाऊ म्हणाले. मागच्या रांगेत सिपोराबाई बसल्या होत्या, उजवी बाही पिनेने वर टाचून. शोषन्नाने तिकडे पाहिलं नाही. पातेल्यातला गुलाबी हलवा दाटत चालला होता, आणि तिला वाटत होतं, जमिनीने पोटात घ्यावं.

ठाण्याच्या लेया नावाच्या मुलीने विचारलं, "मामी, शेवटी वरून काय सोडायचं?"

शोषन्नाने हलवा होताना कधी पाहिलाच नव्हता. तिने बाजारातल्या हलव्याची चकाकी आठवली आणि म्हणाली, "चांगलं दोन पळ्या तूप सोडायचं."

सणाच्या जेवणात मटण असतं, आणि मटणाबरोबर दुधातुपाचं काही खायचं नाही हे यहुदी घरातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यासाठी तर हलव्यात नारळाचं दूध. एस्तेरमावशींनी तोंडावर पदर धरला. हनोखभाऊ आपल्या चपलांकडे बघू लागले.

आणि हात थांबला. त्याने उलथनं पातेल्याच्या काठावर नीट आडवं ठेवलं, शोषन्नाच्या पदरातून सरकत बाहेर आला आणि टेबलावर पालथा पडून राहिला. करपल्याचा वास येऊ लागला.

मागच्या रांगेतून सिपोराबाई उठल्या, सगळ्यांच्या मधून चालत पुढे आल्या. हाताकडे त्यांनी पाहिलंही नाही. "बघतेस काय? ढवळ," त्या म्हणाल्या. "खाली लागतंय."

शोषन्नाने पदराआडचा स्वतःचा हात बाहेर काढला. इतकी माणसं त्या हाताकडे पहिल्यांदाच बघत होती. तो गोरा आणि मऊ होता. तिने ढवळलं, पण हलवा वाचला नाही.

"शालीचं आता काय करायचं?" हनोखभाऊंनी गंभीरपणे विचारलं. "ठरावात 'हलवा करणाऱ्यास' असं आहे."

"घडी करून ठेवा," सिपोराबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर शोषन्नाला मान वर करवेना. "आई, तुम्ही रागावलात?"

"रागावले ना." त्या डाव्या हाताने उजवा धुवत होत्या. "दर सणाला मी फोनवर विचारायचे, आळी काय म्हणाली? तू सांगायचीस, फार छान झाला म्हणाली. मी तिकडे एकटी बसून खूश व्हायचे. मला वाटायचं, माझी आठवण काढतायत."

शोषन्ना रडली. सिपोराबाईंनी तिला रडू दिलं.

निघायच्या दिवशी त्यांनी आपला हात पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "तुझाही दे."

"माझा?"

"वर्षभर राहू दे माझ्याकडे. लाडावलाय, पण शिकेल."

शोषन्नाने नाही म्हटलं नाही. पिन्हासने तेवढ्यापुरतं तोंड उघडलं. तिकडे थंडी असते, बरोबर हातमोजा द्यावा का, एवढंच त्याने विचारलं. दिला.

मग वर्षभर फोन येत राहिले. हात पहिल्याच दिवशी भाजला. हाताला घाई फार. हात आता न सांगता चीक गाळतो. शोषन्ना डाव्या हातात फोन धरून सगळं ऐकून घ्यायची, आणि तिचे कान तापायचे.

पुढच्या नव्याच्या सणाला तिने डाव्याच हाताने हलवा केला. तो पातळ राहिला, वड्या पडेनात. मग तिने तो वाट्यांत घातला आणि सिनेगॉगच्या दारात तबक कंबरेशी धरून उभी राहिली. हनोखभाऊंची नजर तिच्या रिकाम्या बाहीवर गेली.

"शोषन्नाबाई, उजवा हात?"

पदर ओढून घ्यावा, असं तिला फार वाटलं. तिने तो ओढला नाही.

"सासूबाईंकडे आहे," ती म्हणाली. "हलवा शिकायला ठेवलाय. मला येत नाही."

"येईल कधी परत?"

"यंदा नाही सोडत म्हणाल्या. अजून कच्चा आहे."

हनोखभाऊंनी मान डोलावली, तबकातली एक वाटी उचलली आणि चमचा मागितला.