आदिनाथला जिवंत करण्याबाबत

ग्रामसभेला पुरेशी माणसं जमली आहेत, असं दृश्य ग्रामसेवक उमाशंकर यांनी सात वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. गटार, शाळेची भिंत, पाण्याची टाकी असले जिव्हाळ्याचे विषय असूनही कुणी फिरकायचं नाही, आणि मग रजिस्टर घेऊन दारोदार सह्या गोळा करत हिंडावं लागायचं. त्या दिवशी मात्र दहाच्या आतच ग्रामपंचायतीपुढं चपलांचा ढीग पडला होता. उमाशंकर आधी खूश झाले आणि लगेच घाबरले. सरकारी माणसाला गर्दी दिसली की पहिल्यांदा आपलं काय चुकलं तेच आठवायला लागतं.

चूक त्यांची नव्हती. आदल्या संध्याकाळी 'तिसरा चंद्र' या मालिकेत कमांडर आदिनाथ मेला होता.

मालिका दीडशे वर्षांनंतरची होती. तिच्यात यानं होती, यंत्रमानव होते, हिरव्या रक्ताची माणसं होती. पण धर्माबादच्या अलीकडच्या या मिरचीच्या गावाला तिचं वेड लागलं ते एकाच कारणानं: आदिनाथ भोकरचा दाखवला होता. शनीच्या कड्यांजवळून जाताना तो खिडकीबाहेर बघून "लई भारी हाय" म्हणाला, त्या दिवसापासून तो गावाच्या घरातला झाला. आणि काल त्याच्या यानाच्या ठिकऱ्या झाल्या होत्या.

"मी काल चूल पेटवली न्हाई," रुक्मिणबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या.

"का म्हणून? बॉडी दाखवली का त्याची?" वैजनाथ उठून उभे राहिले. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करून ते निवृत्त झाले होते, त्यामुळं माणूस चढला कुठं आणि उतरला कुठं याबाबत गावात शेवटचा शब्द त्यांचाच. "बॉडी न्हाई म्हंजे माणूस मेला न्हाई. हिशोब साधा हाय."

"काका, ऑक्सिजन चारच मिनिटांचा राहिलता," बजरंग म्हणाला. तो बारावी सायन्स होता.

"चार मिनिटं थोडी झाली का? धर्माबाद स्टँडवर चार मिनिटांत अख्खी गाडी भरून मी घंटी मारलेली हाय. घ्या ठराव, साहेब. आदिनाथला परत आणा म्हणून."

"अहो, टीव्हीतल्या माणसाचा ठराव कसा घेऊ?" उमाशंकर काकुळतीला आले.

"मग सह्या बी न्हाईत. गटाराला बी न्हाई अन् भिंतीला बी न्हाई."

सगळी सभा "हाव, हाव" म्हणाली. गावाच्या कामांचा आराखडा त्याच आठवड्यात तालुक्याला जायचा होता आणि सह्यांवाचून तो जाणार नव्हता. उमाशंकरांनी पेन उघडलं. पण सरकारी वहीत 'मालिका' हा शब्द लिहायला त्यांचा हात धजेना. वर कुणी वाचलं तर काय म्हणेल? म्हणून तेवढा शब्द गाळून त्यांनी उरलेलं सगळं हाताच्या सवयीनं शुद्ध सरकारी भाषेत लिहिलं: 'श्री. आदिनाथ, मूळ राहणार भोकर, हे हयात असताना त्यांना मयत दाखविण्यात आलेले आहे. मृतदेह मिळून आलेला नाही. सबब त्यांना तात्काळ जिवंत करण्यात यावे. सूचक वैजनाथ. अनुमोदक रुक्मिणबाई. सर्वानुमते मंजूर.'

बाकीच्या ठरावांबरोबर त्याचीही प्रत पंचायत समितीत गेली. तिथं ठराव वाचायची पद्धत नव्हती, त्यामुळं उमाशंकर निर्धास्त होते. पण हा वाचला गेला. अकराव्या दिवशी पत्र आलं. हयात व्यक्तीस मयत दाखविणे ही अत्यंत गंभीर बाब असून, विस्तार अधिकारी सोमवारी चौकशीस येतील. सदर व्यक्तीस आधार कार्डासह समक्ष हजर ठेवावे. अन्यथा आपणास निलंबित का करू नये?

उमाशंकरांना आधी मुलगी आठवली. ती लातूरला शिकवणीला होती, रोज फोनवर फिजिक्सचं रडगाणं गायची. तिला आता काय सांगायचं? भोकरचा एक माणूस अंतराळात वारला आणि त्यात तुझ्या बापाची नोकरी गेली?

"घाबरता कशाला?" वैजनाथ म्हणाले. "माझा भाचा उभा करू. दिसायला बी थोडा तसाच हाय."

"आधार कार्डावर नाव काय त्याचं?"

"व्यंकट."

"मग वारला म्हणून सांगून टाका," रुक्मिणबाईंनी जड मनानं सुचवलं.

"त्याला मृत्यूचा दाखला लागतो, बाई. आणि दाखला द्यायचा तर मृतदेह पाहिजे."

"तेच म्हणून राहिलो की मी," वैजनाथ खुलले. "बॉडी न्हाईच."

सोमवारी विस्तार अधिकारी सिंधु मॅडम आल्या. तालुक्याला नव्यानं आलेल्या, तरुण, आणि ऐकून घेताना पेनाचं टोपण न काढणाऱ्या. उमाशंकरांनी चहा दिला, बिस्किटं दिली, पंखा त्यांच्याकडं वळवला. मग देण्यासारखं काही उरलं नाही.

"कुठं आहेत आदिनाथ?"

उमाशंकरांनी खूप पर्याय मनात घोळवले आणि शेवटी खरं तेच सांगितलं. "मॅडम, ते टीव्हीतले आहेत. अंतराळात गेले. चूक माझी आहे, गावाची नाही."

मॅडमनी पत्र पुन्हा वाचलं. त्यांचा ओठ थरथरला, तो रागानं की कशानं ते कळलं नाही.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "यान फुटलं तेव्हा मीही बघत होते. पण वरच्या साहेबांनी शेरा मारून टाकला, पत्राला जावक नंबर पडला. आता कुणीतरी जिवंत झाल्याशिवाय ही फाईल बंद होत नाही."

भिंतीकडच्या बाकावरून आवाज आला.

"मंग मला करा की, अम्मा."

लक्ष्मम्मा होती ती. तेलंगणातून या गावात सून म्हणून आलेली, आता सत्तरीतली. चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या निराधार पेन्शनच्या यादीत कुणीतरी तिला मयत करून टाकलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी ती या बाकावर येऊन बसायची. हयातीचा दाखला मागितला की कॉम्प्युटर म्हणायचा, बाई मयत आहे. मयताला हयातीचा दाखला मिळत नाही. उमाशंकर तिला चहा पाजायचे, नवा अर्ज लिहून द्यायचे आणि मनातल्या मनात शरमायचे. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

"तुम्ही किती अर्ज केलेत?" मॅडमनी विचारलं.

"मोजले न्हाईत. मेलेल्या माणसाला येळच येळ असतो, अम्मा."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. लक्ष्मम्माला समोर बसवलं, आधार पाहिलं, दोन साक्षीदार मागितले. अर्धं गाव दारातच उभं असल्यामुळं चाळीस मिळाले. ठरावात नाव नजरचुकीनं वेगळं पडलं असा खुलासा उमाशंकरांनी लिहून दिला. नोकरीतलं हे पहिलंच खोटं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. खाली मॅडमनी अहवाल दिला: 'समक्ष पाहिले असता जिवंत आढळून आल्या. बोलतात.'

आठवड्याभरात यादी दुरुस्त झाली. लक्ष्मम्मा मान्यवर झाली आणि मंगळवारी मालिका बघायला वैजनाथांनी तिला मानानं घरी आणलं, खास खुर्ची दिली. उमाशंकरही आले होते. जाहिराती संपल्या. एका अनोळखी ग्रहाच्या लाल मातीतून एक हात वर आला, मग डोकं. आदिनाथ होता. घर टाळ्यांनी दणाणून गेलं, रुक्मिणबाई रडल्या आणि वैजनाथांनी तोंडानंच घंटीचा दोनदा आवाज काढला.

लक्ष्मम्मानं चष्मा सारखा करून नीट बघितलं. मग शेजारी बसलेल्या उमाशंकरांकडं वळली.

"किती दिवस मेलता ह्यो?"

"तीन हप्ते."

"तीनच?" ती म्हणाली. "ह्येच्या गावाचा ग्रामसेवक लई चांगला असंल."