बोरम्माने निजवलेला कॉम्प्युटर

मिरचीची भजी खायला जाताना दुकानाला कुलूप लावावं की किल्ली शेजारच्या बोरम्माकडे ठेवावी, एवढाच काय तो प्रश्न तिप्पेशपुढे होता. त्याने किल्ली ठेवली. (त्याच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय भुकेच्या वेळी झालेले आहेत. आठवीत शाळा सोडली तेव्हाही मधली सुट्टीच चालू होती.)

"बोरम्मा, अर्ध्या तासात येतो. आतला दिवा हिरवा आहे एवढंच अधूनमधून बघ. लाल झाला तर बसस्टँडवर माणूस धाड."

"जा रे, जा. आत काय सोन्याची अंडी उबवतोयस?"

अंडी नव्हती, हत्ती होते.

कर्नाटकातल्या मोळकाल्मूरुच्या त्या गल्लीत घरटी एक हातमाग, पण रेशमी काठांची नक्षी बनवून देणारं दुकान एकच. तिप्पेशच्या मोठ्या भावाचं, ओबळेशअण्णाचं. अण्णा कॉम्प्युटरवर चौकोन भरून भरून नक्षी काढायचा. कॉम्प्युटरला जोडलेलं एक लोखंडी यंत्र ती नक्षी पुठ्ठ्याच्या लांबट पत्त्यांवर भोकं पाडून उतरवायचं. ते पत्ते दोऱ्यात ओवून मागावर टांगले, की माग एकेक पत्ता वाचत विणत जायचा. यातला कॉम्प्युटर तीस वर्षांचा होता. नवा घ्यावा तर लोखंडी यंत्राची जाड तार जिथे खुपसायची ती जागाच नव्या कॉम्प्युटरला कुणी ठेवलेली नाही. म्हणून अण्णा बेंगळुरूच्या जुन्या बाजारातून मेलेले कॉम्प्युटर गोणीत भरून आणायचा आणि त्यांची आतडी ह्याला बसवायचा. एका म्हाताऱ्याच्या पोटात चौघांचे अवयव होते, आणि तरी तो चालत होता.

त्याचं पथ्य एकच. बंद करायचा नाही. वीज गेली तरी चालावा म्हणून अण्णाने अलीकडे इन्व्हर्टरही बसवला होता. बंद केला की आतली तबकडी थंड होऊन जागच्या जागी चिकटते. "हा झोपला तर उठवायला मीच लागतो," असं अण्णा सांगायचा.

आणि आषाढात, जेवून हात धुता धुता, अण्णाच गेला.

जाण्याआधी महिनाभर तो रोज संध्याकाळी हत्ती काढत होता. त्याच्या लेकीला, सिंचनाला, म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक बघायची होती. न्यायला जमेना, म्हणून त्याने "मिरवणूक तुझ्या परकराच्या काठावरच आणतो" असं कबूल केलं होतं. हत्ती काढून झाले, पत्ते पाडायचे राहिले. ते हत्ती ह्या एका डब्यात होते, दुसरीकडे कुठेही नव्हते. फ्लॉप्यांवर केव्हाच बुरशी चढली होती. अण्णाची बायको, तिप्पेशची अत्तिगे, सगळ्या दुःखात एकच गोष्ट मागून बसली होती. "तिप्पेशा, पोरीचे हत्ती तेवढे होऊ देत."

"झालेच समजा, अत्तिगे," तिप्पेश म्हणाला होता. (पत्ते पाडायचं बटण कुठलं, हेसुद्धा तेव्हा त्याला माहीत नव्हतं.)

तीन महिने खटपट करून आता बटण सापडलं होतं. दोनशे चाळीस कोरे पुठ्ठे येऊन पडले होते. भजी खाऊन आलं की सुरुवात.

तो परतला तेव्हा दुकानाच्या दारात कोहळा फुटलेला होता. आत कुंकू भरलेलं, अगदी साग्रसंगीत.

नवमी होती, आयुधपूजेचा दिवस. गल्लीभर सगळ्यांच्याच दारात कोहळे फुटले होते, मागांना झेंडू लागले होते, मोटरसायकली न्हाऊन उभ्या होत्या. पण अण्णाला जाऊन वर्ष झालं नव्हतं. ह्यांच्या घरी यंदा सण नव्हता, म्हणून तर तिप्पेश आज काम करणार होता.

"बोरम्मा!"

"ओरडू नकोस, देव बसलाय आत," दारातल्या पायरीवर बसून बोरम्मा म्हणाली. "सुतक तुम्हांला असेल. यंत्राला कसलं सुतक? त्याचं काय कुणी गेलंय?"

तिप्पेश आत गेला. पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे होते. कळफलकाच्या एकेका बटणावर कुंकवाचं एकेक बोट, एकही सुटलेलं नाही. लोखंडी यंत्राच्या चार पायांखाली चार लिंबं, जणू ते आता गिअर टाकून बल्लारीला निघणार होतं. फ्लॉपी घालायच्या फटीतून चुरमुरे आणि फुटाणे डोकावत होते.

"हे काय?"

"नैवेद्य. तोंड तेवढंच सापडलं."

"आणि दिवा? हिरवा दिवा कुठाय?"

"विझवला. वर्षातून एक दिवस औजाराला विश्रांती द्यायची असते, तुला कुणी शिकवलं नाही? कधीपासून घूं घूं करत होतं बिचारं. मी वायरच काढली. लगेच शांत झोपलं."

तिप्पेशच्या हातातला भज्यांचा पुडा खाली पडला. "अण्णा!" त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. मारून झाल्यावर त्याला कळलं. बोरम्मालाही कळलं. तिने खाली वाकून भजी गोळा केली.

मग तिप्पेशने वायर खुपसायला हात घातला तशी ती ताडकन उठली. "हात लावायचा नाही! उद्या दशमीला सकाळी पूजा उतरवेन, मग लाव. आज उठवलंस तर पाप तुझं नाही, माझं. मी गंध लावलंय."

"बोरम्मा, तो उद्या उठणारच नाही!"

"मग आज तरी कशावरून उठेल?"

त्याने बेंगळुरूला फोन लावला. एजाजसाहेब हा अण्णाचा तिथला माणूस. मेलेल्या कॉम्प्युटरांच्या गोणी तोच भरून द्यायचा.

"कोण? मोठ्यानं बोल! इथे आख्ख्या रस्त्यावर कोहळे फुटतायत!"

"मी तिप्पेश, मोळकाल्मूरुहून!"

"ओबळेशचा धाकटा? अरे, तुझा भाऊ मेल्यासारखा गप्प आहे दोन-तीन महिने. फोन दे त्याला."

तिप्पेशने तोंड उघडलं. "तो... बाहेर गेलाय."

"बरं. मग तू सांग, काय घोटाळा केलास?" (घोटाळा तिप्पेशनेच केला असणार, हे बेंगळुरूपर्यंत माहीत होतं.)

त्याने सगळं सांगितलं. एजाजसाहेब आधी बराच वेळ हसला. मग म्हणाला, "तबकडी चिकटली असेल. डबा उघड. तबकडीची छोटी पेटी असते, तिचे चार स्क्रू काढ, वायरी राहू दे. पेटी हातात आडवी धर. कुणीतरी स्विच दाबला की लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण फिरवतोस तसं मनगट झटकन फिरव. आपटू नकोस हां! तुझ्या भावानं एकदा आपटली होती. मला विचार काय झालं होतं."

"स्विच दाबायला बोरम्मा देत नाही."

"फोन मोठ्या आवाजावर टाक. अम्मा, नमस्कार. अम्मा, आम्ही ह्याला उठवत नाहीये हो. नुसती नाडी बघतोय."

बोरम्माने विचार केला. "नाडी बघायला हरकत नाही," ती म्हणाली. "झोपलेल्या माणसाचीही बघतात." तिप्पेशने डबा उघडून वायर खुपसली, पेटी हातात धरली, आणि तिने स्वतः स्विच दाबला.

तिप्पेशने मनगट फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. पेटी मुकी.

"तिसऱ्यांदा," फोनमधून आवाज आला. "आणि छोट्या, भीतभीत करू नकोस. ते तुझ्यापेक्षा म्हातारं आहे, त्याला कळतं."

तिसऱ्यांदा पेटी त्याच्या तळहातात थरथरली, आधी कुरकुरली, मग घूं करून फिरायला लागली. हातात कबूतर धरल्यासारखं वाटलं त्याला. बोरम्माने दोन्ही हात जोडले.

पडद्यावर विभूतीच्या मागून अक्षरं उमटली आणि तिथेच थांबली.

"आता तो आकडे मागतोय," तिप्पेश म्हणाला.

"मागणारच. आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे वायर काढली की हा स्वतःची तबकडी ओळखत नाही. तीन आकडे द्यावे लागतात. डब्याच्या उजव्या बाजूला पट्टीवर लिहिलेत, मीच लिहायला लावले होते."

डब्याच्या उजव्या बाजूला पट्टी होती. पट्टीवर बोरम्माने ओल्या चंदनाचा चांगला चार बोटांचा लेप दिला होता, आणि बॉलपेनाची शाई त्यात मिसळून जांभळा झकास टिळा तयार झाला होता. तिप्पेशने बोटाने पुसून पाहिलं तर उरलेसुरले आकडेही बोटावर आले.

"जागा रिकामी दिसली म्हणून लावलं," बोरम्मा म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला होता.

"मग ओबळेश आला की विचार," एजाजसाहेब म्हणाला. "फोन चालू ठेवतो. गिऱ्हाईक नाही आज."

तिप्पेश उभा राहिला. आकडे ठाऊक असतील असं आता एकच माणूस होतं, आणि नेमकं त्याच माणसाला काही कळू द्यायचं नव्हतं.

अत्तिगे मागच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तो शेजारी बसला आणि शेंगा फोडू लागला. (दाणे टाकून टरफलं सुपात टाकत होता.)

"अत्तिगे, सहज विचारतो हं. अण्णा कधी काही आकडे वगैरे म्हणायचा का?"

"कॉम्प्युटर बंद पडला ना?"

"छे! कुणी सांगितलं? मस्त चाललाय."

"मग तुझ्या कपाळाला जांभळं काय लागलंय? आणि केसात चुरमुरे?"

तिप्पेशने मान खाली घातली. हत्ती गेले, असं सांगायला तोंड उघडलं तर नुसताच हुंदका आला. आपल्या भाबड्या तोंडाची त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

अत्तिगेने सूप बाजूला ठेवलं. "एक हजार चोवीस, दहा, सतरा," ती म्हणाली.

"काय?"

"इन्व्हर्टर येईपर्यंत वीज गेली रे गेली की भिंतीपलीकडून ओरडायचे, 'ए, आकडे!' पट्टीवर लिहिलेले असायचे, पण चष्मा सापडायचा नाही. लग्नाची तारीख एकदा विचारली त्यांना, तर सांगता येईना. म्हणाले, तुझ्याकडे आहे ना, मग मी कशाला ठेवू?" ती उठली. "चल. एक हजार चोवीस. आधी तो घाल."

ती दुकानात आली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. तिप्पेशने कुंकवाची बोटं चुकवत एकेक बटण दाबलं. एक हजार चोवीस. दहा. सतरा. कॉम्प्युटर विचारात पडला. बोरम्माने पदर तोंडात धरला. फोनमधून लांबवर एक कोहळा फुटला.

मग पडदा उजळला, आणि विभूतीच्या तीन पट्ट्यांमागून हत्ती निघाले. एकामागून एक, पाठीवर अंबारी, सोंडा वर. शेवटचा हत्ती जरा लहान होता आणि मागे वळून बघत होता.

अत्तिगेने पडद्याला हात लावला आणि बोटाला लागलेली विभूती कपाळाला लावली.

"आला का रे?" फोन विचारत होता. "ए छोट्या! आला का?"

"आला, साहेब."

"शाब्बास! ओबळेश परतला की सांग त्याला, तुझ्यापेक्षा तुझ्या भावाचा हात हलका आहे."

तिप्पेशने अत्तिगेकडे बघितलं. "सांगतो," तो म्हणाला.

त्या दिवशी पत्ते पाडले नाहीत. "नाडी बघून झाली, आता त्याला पडू द्या," असं बोरम्माने बजावलं. मात्र ह्या खेपेला वायर कुणी काढू नये म्हणून ती स्वतः दारात ठाण मांडून बसली, आणि भज्यांची वासलातही तिनेच लावली. दशमीच्या सकाळी तिने पूजा उतरवली, आणि लोखंडी यंत्र खटक खटक करत दोनशे चाळीस पत्ते पाडत सुटलं. ते सगळे तिप्पेशने एकट्याने ओवले. कुणालाही हात लावू दिला नाही. "अण्णाचं काम आहे, मीच करणार," असं तो ज्याला त्याला सांगत होता. दुपारी पत्त्यांची माळ रायप्पाच्या मागावर चढली. रायप्पा गल्लीतला सगळ्यांत जुना विणकर, अण्णाचे सगळे काठ त्यानेच विणलेले.

तासाभराने रायप्पाने निरोप धाडला. लवकर या, सगळे या.

सगळे गेले. मागावर हातभर काठ विणून झाला होता. जरतार झकास, रंग झकास. हत्तीही होते, एकामागून एक. फक्त सगळेच्या सगळे पाठीवर पडलेले, अंबारीवर भार देऊन, चारी पाय आकाशात.

"पत्ते पालथे ओवलेस, तिप्पेशा," रायप्पा शांतपणे म्हणाला. "दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस. एक तरी चुकून सुलटा यायला हवा होता."

सिंचनाने मान वाकडी करून पाहिलं आणि काकाला विचारलं, "चिक्कप्पा, हे दमलेत का?"

आधी अत्तिगेचे खांदे हलले. तिप्पेशला वाटलं, रडतेय. मग तिने पदर तोंडाला लावला, पण आवाज थांबेना, आणि ती मागाच्या खांबाला धरून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आषाढापासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. तिप्पेशला आपण गाढव आहोत याचा आयुष्यात प्रथमच आनंद झाला.

"मी पुन्हा ओवतो," तो म्हणाला. "आत्ता. सगळे."

रायप्पाने खडूचा तुकडा घेतला. माळ सोडवून एकेका पत्त्याच्या एका टोकाला तो 'वर' असं लिहीत गेला. दोनशे चाळीस वेळा. लिहून झाल्यावर त्याने तिप्पेशला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जवळ बोलावलं, आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरवरही 'वर' असं लिहून टाकलं.