नमुना क्रमांक चार

प्रयोगशाळेत सगळे तिला अक्षरबाई म्हणत. खरी सही कुठली आणि बनावट कुठली, हे ती भिंगातून बघून सांगे. बावीस वर्षांत तिचा एकही अहवाल कोर्टाने परत पाठवला नव्हता. त्यामुळे मोठ्या साहेबांनी अहवाल लिहायला चॅटबॉट आणला, तेव्हा तिला ते मुळीच रुचलं नाही. पण बघू तरी, हा गडी काय लिहितोय, अशी उत्सुकताही वाटली.

मृत्युपत्राचं प्रकरण होतं. "लिही रे बाबा," ती चॅटबॉटच्या माइकला म्हणाली. "नमुना एक, मृत्युपत्रावरची सही. दोन, बँकेतली. तीन, जुन्या पत्रावरची. पहिली बनावट."

तेवढ्यात साहेब डोकावले. "झालं का? आणि माझा चष्मा बघितलात का हो?" चष्मा त्यांच्या कपाळावर होता. तरी खिसे चाचपतच ते गेले.

"हा एक नमुनाच आहे!" बाई पुटपुटली. "वरून भारदस्त, आतून सगळा पोकळ. चष्मा कपाळावर, शोधतोय खिशात."

माइक चालूच होता.

अहवाल मात्र झकास उतरला. पहिलं पान वाचूनच बाई हरखली. दुसऱ्यांच्या सह्या भिंगातून बघणाऱ्या या बाईने स्वतःची सही पुढचं न वाचताच ठोकून दिली.

कोर्टात वकिलाने नेमकं शेवटचं पान काढलं. "'नमुना चार. बाह्य स्वरूप भारदस्त, अंतर्भाग पोकळ. चष्मा कपाळावर, शोध खिशात.' हा नमुना कुठाय, बाई?"

बाईने घाईघाईने आपली प्रत उलटून शेवटचं पान पहिल्यांदाच वाचलं.

"दडवलाय, मॅडम!" वकील न्यायाधीशबाईंकडे वळला. "एक नमुना दडवला, मग बाकीच्या तिन्हींवर विश्वास काय ठेवायचा?"

"नमुना हजर करा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "नाहीतर अहवाल परत जाईल."

टायपिंगची चूक म्हणावी, तर शपथ घेतलेली. खरं सांगावं, तर नोकरी. बाईने मागे वळून बघितलं.

"हजरच आहे, मॅडम. मागच्या बाकावर."

सगळं कोर्ट मागे वळलं. मोठे साहेब दोन्ही खिसे चाचपत शेजारच्याला विचारत होते, "कुठाय हो नमुना? चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही."

न्यायाधीशबाईंनी त्यांच्या कपाळाकडे बघितलं, मग अहवालाकडे, मग पुन्हा कपाळाकडे.

"वर्णन तंतोतंत जुळतंय," त्या म्हणाल्या. "अहवाल दाखल करून घ्या."