नाना हवालदारांचं एकच काडतूस

पंगतीत नाना हवालदारांच्या शेजारी बसायला कडेगावात कुणी तयार नसे. पत्रावळीवर भात पडला की नाना त्याचं हरीण करीत. बोटांनी पाय ओढायचे, मान काढायची, पुढच्या पायामागे लोणच्याची फोड ठेवायची आणि शेजाऱ्याला ढोसायचं, "गोळी हितं. दुसरीकडं न्हाई. ही जागा दिसत नसंल तर बार टाकायचा न्हाई." शेजाऱ्याच्या घशाखाली मग घास उतरत नसे.

दुसऱ्या महायुद्धावरून परतल्यापासून नानांच्या पायाला भिंगरी होती. बोलताबोलता उठत, येरझाऱ्या घालत, पुन्हा बसत. विषय एकच. माधवनगरच्या एका सुताच्या व्यापाऱ्यानं आपली बावीस नंबरची नवी रायफल कौतुकानं दाखवली, तर म्हणाले, "कावळं हुसकायला बरी हाय. हरणाला माराल तर ते मरत बी न्हाई अन् जगत बी न्हाई." त्यांची स्वतःची रायफल मोठ्या बोअरची, तीनशेदहाची, गोळी मऊ टोकाची, आत जाऊन पसरणारी. "टणक गोळी आरपार जाती. मग जनावर कुठं तडफडतंय, कोण बघतंय?"

एवढं ज्ञान आणि शिकार शून्य. हरभऱ्याच्या दिवसांत रोज रानात जात, खिशात एकच काडतूस, आणि हात हलवीत परत येत. गाव हसे. मी शाळामास्तर, मीही हसे. एकदा विचारलंच, "नाना, एकच का?"

ते उठले, बसले. "एका हरणीसाठी हाय ते. लढाईतनं रजेवर आलतो, तवा एकाची बावीस नंबरची मागून घेतली. मागच्या डाव्या पायात बसली गोळी. तीन दिस रगत बघत हिंडलो. गावली न्हाई. रजा संपली. तिला तसं ठिवलंय मी, मास्तर. सोडवायला पायजे."

मला हसल्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो.

उन्हं कलताना बांधापलीकडे कळप आला. सगळ्यांत मागे एक मादी, मागचा डावा पाय उचलून चालणारी. नानांनी रायफल खांद्याला लावली. ती आडवी उभी राहिली. लोणच्याच्या फोडीची जागा स्वच्छ दिसत होती. मी कानांत बोटं घातली.

बार झाला नाही. मादीच्या मागून एक पाडस आलं आणि ढुशा देत पिऊ लागलं.

नानांनी काडतूस काढून खिशात टाकलं आणि ते ढेकळावर बसले. कळप दिसेनासा झाला तरी उठले नाहीत.

"लंगडती, पर पोराला पाजती," ते म्हणाले. "बरी हाय न्हवं, मास्तर?"

मी म्हटलं, बरी आहे. घरी येईपर्यंत त्यांनी तेच आणखी दोनदा विचारलं.