गणितानंतर आभाळ

श्री. तळी पाषाण, माथां पवन, मध्ये मनुष्याचा श्वास. तिहींस दंडवत घालून लिहितो ते ऐसे. शके सत्राशे तीन, प्लवनाम संवत्सर, वैशाख शुद्ध पंचमी, ते दिवशी राज्याच्या विद्यापीठात भूवायुविद्येचा चार वर्षांचा अभ्यास मांडावयास कडेवाडीच्या पाटलांच्या कन्या ठकूबाई आल्या. वय अठरा, बोलणे थोडे, हट्ट फार. कडेवाडीच्या माथ्यावर डोंगर, आणि डोंगरास भेग, आणि खाली पन्नास उंबरा, आणि डोंगर कोणत्या पावसात येईल हे सांगणारा राज्यात कोणी नाही; मग आपणच शिकावे आणि सांगावे, ऐसा बाईंनी पण केला. सरकारांनी चार वर्षांची मोकळीक दिली, वर एक दिवस नाही.

विद्यापीठाची चाल ऐशी की, कोणती विद्या कोणत्या सहामाहीस घेणार याची यादी आधीच मांडावी, मग शिक्का व्हावा, आणि शिक्का झालियावर पालट नाही. नियमांचा मोडी कागद बाईंस मिळाला. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळ एका दमात धावते. वायुविद्येपुढे लिहिले होते, 'गणितनंतरघेणे'. बाईंनी वाचले, गणित नंतर घेणे, आणि जीव भांड्यात पडला. मग पहिल्याच सहामाहीस वारे, ढग, पर्जन्य घेतले, आणि गणित लोटले चौथ्या वर्षाच्या शेपटास, आणि खडकमाती जागा उरली तेथे कोंबली, आणि यादी घेऊन नरहरशास्त्री यांजपुढे उभ्या राहिल्या. शास्त्रीबोवा या विद्येचे मुख्य, शिक्का त्यांचे हाती. यादी वाचून बोलते जाहले, "ठकूबाई, हे उफराटे कोणी सांगितले?" बाईंनी कागद दाखविला. शास्त्रीबोवांनी कपाळास हात लाविला. "अहो, गणितानंतर घेणे, ऐसे ते. कारकुनाने काना खाल्ला." कारकुनाचे काय जाते? शाई सरकारची, आणि कपाळ दुसऱ्याचे. वायुविद्या एका वर्षाआड शिकवीत. यंदा गणिताविना मिळेना, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षी. बाईंचे डोळे भरून आले. "तोवर मी खडक फोडीत बसू काय? माझ्या गावास पाऊस मारणार, शास्त्रीबोवा."

तेव्हा शास्त्रीबोवांनी त्यांस आवारात नेले, आणि एका पाटीत मुरूम, दुसरीत चिकणमाती भरविली, आणि दोहींवर एक एक घागर ओतविली. मुरमातून पाणी निघून गेले. चिकणमातीने पोटात धरले, फुगली, आणि पाटी तिरपी करताच सगळा गोळा घसरून पायाशी आला. "पाणी दोहींस सारखेच," शास्त्रीबोवा म्हणाले, "मारले कोणी ते खालच्या मातीस विचारावे. आणि वरचा थेंब तरी धुळीच्या कणाभोवती धरतो, आणि ती धूळ डोंगराचीच." ठकूबाई थक्क. आजवर त्या समजत होत्या की आभाळ वरचे आणि डोंगर खालचा. आता दिसले की डोंगर झिजून वर जातो, आणि आभाळ होऊन खाली येतो, आणि हा फेरा मनुष्य जन्मण्याआधीपासून चालला आहे, कोणास न विचारता. अंगावर काटा आला आणि हात आपोआप जोडले गेले.

मग दोघांनी बसून यादी नव्याने मांडली. आधी गणित आणि खडक, मग माती आणि भूजल, तिसऱ्या वर्षी वायुविद्या, चौथ्या वर्षी दोन्ही मिळून डोंगरावरचे काम. चार वर्षांत नेमके बसले. शास्त्रीबोवांनी शिक्का उचलला, तो बाई म्हणाल्या, "थांबावे. डोंगर चार वर्षे वाट पाहील, हे यादीत कोठे आहे?" शास्त्रीबोवांनी शिक्का खाली ठेविला. मग म्हणाले, "डोंगर आमची यादी वाचीत नाही, बाई." मग शिक्क्याआधी ठकूबाईंनी वडिलांस पत्र लिहिले, ते ऐसे: 'आबा, गाव आजच माळावर न्यावा. मी अद्याप काही शिकले नाही, तरी न्यावा.'

एकूण हकीकत इतकी की, गाव कुरकुरत उठला, आणि बाई चार वर्षांनी पदवी घेऊन आल्या. डोंगर अद्याप उभाच आहे. लोक पुसतात, एवढे शिकून काय झाले? बाई सांगतात, "कधी पडेल ते मजला अजून सांगता येत नाही. किती पावसावर घर सोडावे, ते येते." आसपासच्या अकरा गावांनी तो आकडा दारावर लिहून ठेविला आहे. येथे हात थांबविला.